शासकीय गोपनीय कागदांचे नष्टीकरण आणि पुनर्वापर

कोलकाता शहराच्या पूर्वेस, राजारहाट परिसरातील शेती आणि पाणथळ जमिनीवर गेल्या शतकाच्या अखेरीस न्यू टाउन ही नियोजित वसाहत आकारास येऊ लागली. तिच्या उभारणीसाठी पश्चिम बंगाल शासनाने १९९९ मध्ये 'हिडको' हे महामंडळ स्थापन केले आणि २०१६ मध्ये तिची निवड केंद्र शासनाच्या स्मार्ट शहर योजनेत झाली. रुंद रस्ते, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती आणि सरकारी कार्यालये यांच्या या वसाहतीत केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'एमएसटीसी' या सार्वजनिक उपक्रमाचे मुख्य कार्यालय आहे. धातूंच्या भंगाराच्या व्यापारासाठी १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक लिलावासाठी ओळखली जाते. सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, बँका आणि विद्यापीठे यांना नको असलेली यंत्रे, तारा, वाहने, लाकूड आणि जुना कागद देशभरातील खरेदीदारांपुढे येतो तो बऱ्याच वेळा या संस्थेच्या संगणकीय मंचावरून.

लोखंडाचे भंगार विकताना त्या लोखंडाने पूर्वी काय पाहिले याची चिंता करावी लागत नाही. कागदाचे तसे नाही. कागदाचे वजन किलोत होते, परंतु त्यावरील मजकुराचे मोल वेगळे असते, आणि विक्रीनंतरही तो मजकूर कागदासोबत प्रवास करतो. शासकीय कागदाच्या विल्हेवाटीचा प्रश्न त्यामुळे स्वच्छतेचा आणि महसुलाचा जितका आहे तितकाच तो गोपनीयतेचा, नागरिकांच्या हक्कांचा आणि इतिहासाचाही आहे. लोकप्रशासन, पर्यावरण आणि विधी या तिन्ही अभ्यासघटकांना तो स्पर्श करतो.

कोणता कागद गोपनीय?

'गोपनीय' म्हटले की संरक्षण किंवा परराष्ट्र व्यवहाराच्या नस्ती डोळ्यांपुढे येतात. केंद्र शासनात अशा कागदांची परमगुप्त, गुप्त, गोपनीय आणि निर्बंधित अशी चढउताराची वर्गवारी आहे आणि त्यांच्या अनधिकृत प्रकटनास १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. अशा नस्ती संख्येने थोड्या असतात आणि त्यांची राखणही कसोशीने होते.

खरी अडचण दुसऱ्या प्रकारच्या कागदांची आहे. तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या अर्जाला आधारपत्राची, शिधापत्रिकेची आणि बँक पासबुकाची छायाप्रत जोडलेली असते. जिल्हा रुग्णालयातील केसपेपरवर रुग्णाचा आजार लिहिलेला असतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात जातीच्या दाखल्यांच्या प्रती असतात, आस्थापना शाखेत कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल असतात. यांपैकी बहुतेक कागदांवर 'गोपनीय' असा शिक्का नसतो. मुदत संपल्यावर ते सामान्य रद्दी म्हणून बाहेर पडतात. महाराष्ट्रात भेळेच्या पुडीचा कागद उलगडल्यावर कुणाची तरी उत्तरपत्रिका दिसणे हा अनेकांचा अनुभव आहे, आणि कोलकात्यात कुरमुरे ज्या कागदी 'ठोंग्या'तून मिळतात त्याची कुळकथाही फारशी वेगळी नाही. तेथे दारोदार जुना कागद विकत घेणाऱ्यास 'बिक्रीवाला' म्हणतात, इकडे 'रद्दीवाला'. दोघेही पुनर्वापराच्या साखळीतील उपयुक्त घटक आहेत. त्यांच्या तराजूवर नागरिकाची छायाप्रत कशी पोहोचली, याचे उत्तर मात्र कार्यालयाने द्यावयाचे असते.

नष्ट करण्याचाही कायदा आहे

सरकारी कागद कार्यालयाच्या मर्जीने फेकता येत नाही. केंद्र शासन आणि त्याच्या अखत्यारीतील संस्थांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम लागू आहे. तो १ मार्च १९९५ पासून अंमलात आला आणि त्याखालील नियम १९९७ मध्ये करण्यात आले. प्रत्येक अभिलेख निर्माण करणाऱ्या कार्यालयाने एक अभिलेख अधिकारी नेमावा, अभिलेखांची नोंद, पुनर्विलोकन आणि नष्टीकरण त्याच्या जबाबदारीवर व्हावे, अशी या अधिनियमाची रचना आहे. कलम ८ अन्वये विहित पद्धतीखेरीज कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही. १८९२ पूर्वीचा अभिलेख तर, तो वापरण्याच्या पलीकडे जीर्ण झाला आहे असे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांचे मत झाल्याशिवाय नष्ट करता येतच नाही. या कलमाचा भंग करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते. कारावासाची तरतूद मात्र किरकोळ नाही.

नियमांतील दोन अटी परीक्षार्थींनी विशेषत्वाने लक्षात ठेवाव्यात. पंचवीस वर्षांहून जुना अभिलेख मूल्यांकन झाल्याशिवाय नष्ट करता येत नाही, आणि नष्ट करावयाच्या अभिलेखांची यादी त्या कार्यालयाने कायमस्वरूपी जतन करावयाची असते. कागद जातो, यादी राहते. पुढे कोणी विचारणा केली तर 'आढळून येत नाही' आणि 'अमुक दिनांकास नियमानुसार नष्ट केले' या दोन उत्तरांतील फरक ही यादीच दाखवते.

केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत नस्तींचे तीन वर्ग आहेत : कायम ठेवून प्रतिचित्रण करावयाच्या 'अ', कायम ठेवावयाच्या 'ब' आणि ठरावीक, कमाल दहा वर्षांच्या मुदतीच्या 'क'. महाराष्ट्रातील वर्गीकरण निराळे आहे. येथे 'अ' वर्ग कायम, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा वर्षे, 'क-१' पाच वर्षे आणि 'ड' एक वर्ष जतन करावयाचा असतो. राज्याचा स्वतंत्र महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून महसूल खात्यात अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेतून आलेली 'सहा गठ्ठे' पद्धत रूढ होती. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे असे पाच गठ्ठे बांधल्यावर सहावा गठ्ठा नष्ट करावयाच्या 'ड' कागदांचा. म्हणजे लिपिकाच्या मेजावर कागद जिवंत असतानाच त्याच्या अंताची तजवीज केलेली असे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी पुनर्रचना केली, तिचा पायाही अभिलेखांच्या वर्गीकरणाचाच होता. 'निंदणीकरण' हा अभिलेख कक्षातील शब्द शेतीतून आला आहे, आणि तण उपटताना पीक उपटले जाऊ नये हा त्यातील इशारा शेतकऱ्याइतकाच अभिलेखपालालाही लागू पडतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने या सर्वांवर आणखी एक थर चढविला. कलम ४ अन्वये अभिलेख सूचिबद्ध ठेवणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले. ज्या माहितीसाठी अर्ज आला आहे ती नष्ट करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास कलम २० अन्वये दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. जतनाची मुदत संपली असली तरी अर्ज प्रलंबित असलेला कागद सहाव्या गठ्ठ्यात टाकता येत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

कोलकात्याचा जुना धडा

हा सारा विचार भारतात प्रथम गांभीर्याने झाला तो कोलकात्यातच. १८५७ नंतर साम्राज्याचा कारभार वाढला तशी राजधानीतील कार्यालये कागदांनी भरून गेली. १८६० मध्ये नागरी लेखापरीक्षक सँडमन यांनी वित्त आयोगाच्या अध्यक्षांना सादर केलेल्या अहवालात एक दुहेरी उपाय सुचविला : नित्याचे कागद नष्ट करावेत आणि मोलाचे कागद एका मध्यवर्ती अभिलेखागारात हलवावेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कल्पनेचा पहिला उच्चार असा नष्टीकरणाच्या प्रस्तावातून झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रत्यक्ष कृतीस आणखी तीन दशके लागली. मुंबई इलाख्याच्या अभिलेखांची सूची करून नाव मिळविलेले एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राध्यापक जी. डब्ल्यू. फॉरेस्ट यांना १८८९ मध्ये परराष्ट्र खात्याचे कागद तपासण्याचे काम देण्यात आले आणि त्यांच्या शिफारशीवरून ११ मार्च १८९१ रोजी कोलकात्यात 'इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट' सुरू झाले. हेच आजचे राष्ट्रीय अभिलेखागार. मुंबईत तयार झालेला अनुभव कोलकात्यात कामी आला, असे म्हणता येईल.

फॉरेस्ट यांच्या काळात महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न उभा होता. वि. का. राजवाडे जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीतून कागद गोळा करीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. ज्यांच्या घरी ते कागद होते त्यांच्या दृष्टीने ती रद्दीच होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदही एके काळी केवळ इनामांची चौकशी करण्यापुरते उपयोगी मानले गेले. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले.

नष्टीकरणाचा निर्णय चुकल्यास काय होते, याचेही कोलकात्याशी निगडित उदाहरण आहे. १९७१ च्या युद्धाचे संचालन ज्या पूर्व कमानाने केले, तिच्या फोर्ट विल्यम येथील मुख्यालयातील युद्धविषयक अनेक अभिलेख नष्ट झाल्याचे वृत्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धकाळात या कमानाचे चीफ ऑफ स्टाफ असलेले आणि नंतर तिचे प्रमुख झालेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी, प्रमुखपदी आल्यावर हे कागद पाहण्यास मागितले असता ते फाडून टाकल्याचे आपणास सांगण्यात आले, असे तेव्हा नमूद केले. १९७० च्या दशकात सार्वजनिक अभिलेख अधिनियम अस्तित्वात नव्हता. गोपनीयता शंभर टक्के राखली गेली, पण त्याबरोबर बांगलादेशच्या मुक्तिलढ्याच्या इतिहासाचा एक साधनसंचयही गेला. (फोर्ट विल्यमचे नाव २०२४ मध्ये 'विजय दुर्ग' असे करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्याचे नाव अशा रीतीने हुगळीच्या काठावर पोहोचले आहे.)

उलट, नको तो अपघाती नाश कसा असतो हे महाराष्ट्राने २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या आगीत पाहिले. तेथे काय जळले याची निश्चिती करणे कठीण गेले, कारण आग यादी करून लागत नाही.

फाडणे, जाळणे, कातरणे

कागद नष्ट करण्याच्या पद्धती मोजक्याच आहेत, परंतु त्यांच्यातील फरक महत्त्वाचा आहे.

हाताने फाडणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत कच्ची पद्धत. पूर्व जर्मनीच्या 'श्टाझी' या गुप्त पोलीस संघटनेने १९८९-९० मध्ये सत्ता जाताना घाईघाईने नस्ती नष्ट करण्यास घेतल्या. यंत्रे पुरी पडेनात, तेव्हा अधिकाऱ्यांनी हाताने कागद फाडले. सुमारे सोळा हजार पोती तुकडे मागे राहिले. १९९५ पासून ते हाताने जुळविण्याचे काम सुरू झाले आणि त्यातून पंधरा लाखांहून अधिक पाने पुन्हा उभी राहिली. आपल्यावर कोणी पाळत ठेवली होती हे हजारो नागरिकांना अशा जुळवलेल्या कागदांतून कळले.

उभ्या पट्ट्या कापणारे यंत्रही पुरेसे नाही. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी वकिलात ताब्यात घेण्यात आली तेव्हा तेथील कागद पट्ट्यांच्या रूपात कातरलेले होते. गालिचे विणण्यात वाकबगार असलेल्या कारागिरांच्या मदतीने ते पट्टीला पट्टी लावून जुळविण्यात आले आणि पुढे अनेक खंडांत छापलेही गेले. २०११ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, 'दार्पा'ने, कातरलेली कागदपत्रे जुळविण्याची स्पर्धा जाहीर केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या गटाने संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने तिच्या पाचही कोड्यांची उकल सुमारे महिनाभरात केली.

म्हणून कातरणीचा तुकडा किती लहान असावा याची प्रमाणके ठरली. जर्मन मानकावर आधारलेले आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेलेले वर्गीकरण कागदासाठी सात पातळ्या सांगते. दुसऱ्या पातळीवर सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या चालतात. ए-४ आकाराच्या पानाच्या अशा ३५ पट्ट्या होतात. चौथ्या पातळीवर तुकड्याचे क्षेत्रफळ १६० चौरस मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे लागते आणि त्याच पानाचे सुमारे ३९० तुकडे होतात. सातव्या, सर्वोच्च पातळीवर तुकडा अवघा पाच चौरस मिलिमीटरचा, म्हणजे एका पानाचे बारा हजारांहून अधिक कण. कार्यालयातील नागरिकांच्या अर्जांसाठी चौथी पातळी सामान्यतः पुरेशी ठरते. परमगुप्त कागदांसाठीच शेवटच्या पातळ्यांची गरज असते.

जाळणे हा उपाय निर्णायक वाटतो, परंतु तो दिसतो तितका निर्णायक नाही. बांधलेल्या गठ्ठ्यात हवा शिरत नाही, त्यामुळे कडा जळतात आणि मधली पाने शाबूत राहतात. पूर्ण काळ्या पडलेल्या पानावरील अक्षरेही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विशिष्ट प्रकाशात वाचता येतात. म्हणून जाळावयाचे झाल्यास गठ्ठे सोडून, पाने सुटी करून, राख चुरडेपर्यंत जबाबदार अधिकाऱ्याने तेथे थांबणे आवश्यक ठरते. कार्यालयाच्या आवारातील धूर आणि वाया गेलेला तंतू हा त्याचा पर्यावरणीय खर्च.

लगद्याचा मार्ग

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई. शंकुवृक्षांचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो, निलगिरीसारख्या रुंदपर्णी वृक्षांचा एक मिलिमीटरच्या आसपास. कागदाची ताकद या लांबीवर आणि तंतूंच्या परस्परबंधावर अवलंबून असते. प्रत्येक पुनर्वापरात तंतू थोडा तुटतो आणि कडक होतो. पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कागदासाठी निरुपयोगी होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

येथेच गोपनीयता आणि पुनर्वापर यांच्यात विरोध उभा राहतो. तुकडा जितका बारीक, तितके गुपित सुरक्षित आणि तितकाच तंतू आखूड. सातव्या पातळीचा एक मिलिमीटर रुंदीचा कण कागद गिरणीच्या दृष्टीने जवळजवळ धूळ असतो. तो चाळणीतून गळतो, पट्ट्यावरून उडतो आणि त्यातून फारतर अंड्यांचे खोके किंवा हलका पुठ्ठा निघतो. मोठे तुकडे गिरणीला हवे असतात, तर सुरक्षा अधिकाऱ्यास नको असतात.

या पेचावर उपाय गिरणीतच आहे. कागद प्रथम जातो तो एका मोठ्या हौदात. तळाशी फिरणाऱ्या पात्यामुळे पाण्यातील कागद सुटा होतो आणि थोड्याच वेळात त्याचा लगदा बनतो. या क्रियेत पानाचे तुकडे होत नाहीत, पान ही गोष्टच नाहीशी होते. अक्षरांची शाई ज्या तंतूंवर होती ते तंतू इतर हजारो पानांच्या तंतूंत मिसळतात. कोणतीही संगणकीय आज्ञावली ते परत जुळवू शकत नाही, आणि तंतूची लांबी मात्र बऱ्याच अंशी टिकते. कार्यालयात मोठ्या तुकड्यांत कातरून, मोहोरबंद पोत्यांतून गिरणीपर्यंत नेऊन, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत थेट हौदात टाकणे ही म्हणूनच अतिसंवेदनशील नस्ती वगळता इतर सर्व कागदांसाठी सर्वांत समंजस पद्धत ठरते.

लगदा झाल्यावर शाई काढावी लागते. ही कल्पना नवी नाही. गटिंगेनच्या युस्टुस क्लाप्रोथ यांनी १७७४ मध्ये छापील कागदापासून पुन्हा कागद करण्याची रीत मांडली, तर इंग्लंडमध्ये माथियास कूप्स यांनी १८०० मध्ये तिचे एकस्व घेतले. आज साबणयुक्त लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसासह वर येतात. सरकारी कागदाची अडचण अशी की त्यावरील मजकूर बव्हंशी लेझर मुद्रण आणि छायाप्रतींचा असतो. ही शाई म्हणजे उष्णतेने वितळवून चिकटविलेले प्लॅस्टिकच. ती चपट्या पापुद्र्यांच्या रूपात निघते आणि छापखान्याच्या शाईपेक्षा काढण्यास जड जाते. शिवाय टाचण्या, नाड्या, प्लॅस्टिकची आवरणे, कार्बन कागद आणि गोंदाच्या पट्ट्या आधी हाताने वेगळ्या कराव्या लागतात. बहुतेक कार्यालयांत हेच काम टळते आणि मालाचा दर त्यामुळेच पडतो.

वजनाचा हिशेबही बोलका आहे. ७५ ग्रॅम जाडीच्या ए-४ कागदाचा पाचशे पानांचा गठ्ठा २.३ किलोग्रॅमपेक्षा थोडा अधिक भरतो. दोनशे पानांची नस्ती एक किलोच्या आत-बाहेर. हजार नस्ती काढल्या की टनभर चांगल्या प्रतीचा पांढरा कागद हाती येतो. भारतातील कागद आणि पुठ्ठ्याच्या उत्पादनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग रद्दीपासून होतो. वापी, मोरबी, मुझफ्फरनगर येथील गिरण्या प्रामुख्याने तिच्यावर चालतात आणि तरीही दरवर्षी लाखो टन रद्दी परदेशांतून आयात करावी लागते. टनभर रद्दीमागे अमुक झाडे वाचतात हे सर्वत्र आढळणारे विधान मात्र उत्तरपत्रिकेत जपून लिहावे. ते मुळात अमेरिकी परिस्थितीवर बेतलेले आहे, तर भारतात कागदासाठी शेतबांधावरील सुबाभूळ आणि निलगिरी, बांबू आणि उसाचे चिपाडही वापरले जाते.

अत्यंत कडक नष्टीकरण आणि पुनर्वापर एकत्र कसे नांदू शकतात, याचे उदाहरण रिझर्व्ह बँकेने घालून दिले आहे. जुन्या नोटा तपासणारी तिची यंत्रे तासाला पन्नास ते साठ हजार नोटा मोजतात, बाद नोटांचे जागीच बारीक तुकडे करतात आणि ते दाबून विटा बनवितात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर तिरुवनंतपुरम कार्यालयातील असे तुकडे केरळमधील कन्नूर येथील एका प्लायवूड कारखान्याने लाकडाच्या लगद्यात मिसळून फलक बनविले. २०२४-२५ च्या वार्षिक अहवालानुसार देशात वर्षाला सुमारे १५,००० टन विटा निघतात. त्या पूर्वी जमिनीत पुरल्या किंवा जाळल्या जात, आता लाकडी भुशाच्या फलकांत त्यांचा वापर करण्याच्या दिशेने बँकेने पाऊल टाकले आहे.

लिलावातील पेच

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार दोन लाख रुपयांहून अधिक मूल्याचे निरुपयोगी सामान जाहीर निविदा किंवा लिलावाने विकावे लागते. सर्वाधिक बोली लावणाऱ्यास माल मिळावा हे तत्त्व लोखंडासाठी निर्दोष आहे. कागदाच्या बाबतीत त्यात एक खोच आहे. अखंड, स्वच्छ, एकीकडून कोरा कागद अधिक दराने विकला जातो, कारण तो पुडीसाठी आणि पिशव्यांसाठी तसाच वापरता येतो. कातरलेल्या कागदाला दर कमी मिळतो, आणि 'केवळ लगद्यासाठीच' अशी अट घातली की बोली लावणारे घटतात. म्हणजे महसूल वाढविण्याची प्रेरणा आणि गुप्तता राखण्याची प्रेरणा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. यात कोणाचाही वाईट हेतू असण्याची गरज नसते. अधिक रक्कम जमा केल्याबद्दल कार्यालयाचे कौतुक होते. न फुटलेल्या माहितीची मात्र कोठेही नोंद होत नाही.

२०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये केंद्र शासन प्रलंबित प्रकरणे आणि स्वच्छता यांची विशेष मोहीम राबविते. पहिल्याच वर्षी तीतून सुमारे १२ लाख चौरस फूट जागा मोकळी झाली आणि भंगारविक्रीतून ६२ कोटी रुपये मिळाले. पुढील वर्षांत ही रक्कम अनेक पटींनी वाढली. ही आकडेवारी उद्धृत करताना तीत वाहने, यंत्रे आणि लोखंडही आहे, केवळ कागद नव्हे, हे नमूद करावे. महिन्याच्या मुदतीत लाखो नस्ती निकाली निघतात तेव्हा प्रत्येकीचे पुनर्विलोकन किती काळजीपूर्वक होते, हा प्रश्न प्रशासनाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. पंचवीस वर्षांच्या मूल्यांकनाचा नियम मोहिमेच्या घाईसाठी शिथिल होत नाही.

सुरक्षित विल्हेवाटीची साखळी प्रत्यक्षात अशी चालते. पुनर्विलोकनानंतर मंजूर यादी तयार होते, नस्ती तिच्याशी ताडून पोत्यांत भरल्या जातात, प्रत्येक पोत्यास क्रमांक आणि मोहोर लागते. कार्यालयातून निघताना आणि गिरणीच्या काट्यावर असे दोनदा वजन होते. दोन वजनांत तफावत निघाली तर वाट कोठे फुटली हे शोधता येते. अधिकारी हौदापाशी उभा राहतो, पंचनामा होतो, गिरणी नष्टीकरणाचे प्रमाणपत्र देते आणि ते कायमस्वरूपी यादीला जोडले जाते. यात महागडे असे काहीच नाही. लागतो तो एका जबाबदार माणसाचा एक पूर्ण दिवस, आणि नेमका तोच देण्यास कार्यालये कचरतात.

कायद्यातील पोकळी

कागदाचे रूपांतर संगणकीय प्रतीत झाले की मूळ कागद लगेच काढून टाकावा, असा मोह ई-ऑफिसच्या काळात प्रबळ आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. प्रत अस्पष्ट निघाली किंवा पान सुटले, तर मूळ कागदाविना ती उणीव भरून काढता येत नाही. मूळ प्रत काढण्यापूर्वी प्रतीची पानागणिक तपासणी ही म्हणूनच औपचारिकता मानता येत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम नावाप्रमाणेच डिजिटल स्वरूपातील, किंवा कागदावरून डिजिटल केलेल्या, वैयक्तिक माहितीस लागू होतो. ज्या अर्जाची संगणकीय प्रत कधीच झाली नाही, तो कागदी अर्ज त्याच्या कक्षेबाहेर राहतो. एखाद्या कार्यालयाच्या संगणकातून आधार क्रमांकांची यादी फुटली तर या कायद्याखाली जबाबदारी निश्चित करता येते. त्याच क्रमांकांच्या छायाप्रती रद्दीच्या पोत्यातून बाहेर पडल्या तर मात्र अभिलेखविषयक नियम, कार्यालयीन नियमपुस्तिका आणि लिलावाच्या अटी एवढाच आधार उरतो. लिलावाच्या कागदपत्रांत जुन्या कागदाच्या गटासाठी 'लगद्याखेरीज अन्य वापर निषिद्ध' ही अट आणि गिरणीच्या प्रमाणपत्राशिवाय अनामत रक्कम परत न करण्याची तरतूद घालणे हे त्या त्या विक्रेत्या कार्यालयाच्या हातात आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.